पीएचडीनंतर कोण कुठे? ऑर्किड वापरून पाहणाऱ्या विभागांसाठी

एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीच्या) आकड्यात पीएचडी किती झाल्या ते येतं, ती मुलं पुढे काय करतात ते येत नाही. ते शोधायला मुंबईत कलिना ते पवई, कुठल्याही विज्ञान विभागाच्या हाताशी फुकटातलं साधन म्हणजे ऑर्किड (ORCID). 2012 पासून ही सेवा संशोधकाला आयुष्यभराचा 16 अंकी क्रमांक देते आणि त्याखाली नोकरीची नोंदही ठेवते.

माणूस ओळखण्यात तिला तोड नाही. नुसत्या ‘एस. पाटील’ नावाने रसायनशास्त्रात शोधून बघा! लग्नानंतर आडनाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, जुनं नावही जोडता येतं.

घोळ होतो तो नोकरीच्या नोंदीत. ती बहुतेक वेळा माणूस स्वतःच भरतो. शेवटची तारीख टाकायची राहिली, की दोन वर्षांचा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद) कायमचा ‘सध्या’ दिसतो. म्हणून नोंद शेवटची कधी बदलली ते आधी पाहावं. पदाचं नावही ज्याच्या त्याच्या मर्जीचं, त्यामुळे वर्गवारी हातानेच करावी लागते. तीन रकाने पुरतात: क्षेत्र (शिक्षणसंस्था, सरकार, खासगी, सेवाभावी), कामाचा प्रकार (संशोधन, शिकवणं, पुढील प्रशिक्षण वगैरे) आणि प्रत्यक्ष काम. पोस्टडॉक ‘पुढील प्रशिक्षणा’त टाका. प्राध्यापकांत मोजलात तर टक्केवारी उगाच फुगते.

मोठी खोट वेगळीच आहे. जो शोधनिबंध लिहितो, तोच नोंद ताजी ठेवतो. औषध कंपनीत, अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात किंवा ज्युनिअर कॉलेजात गेलेला इथे दिसेनासा होतो. रिकामी नोंद म्हणजे ‘माहिती नाही’. तिला ‘विज्ञान सोडलं’ समजू नका. अशांसाठी लिंक्डइन पाहावं, नाहीतर सरळ गाइडला (पीएचडीच्या मार्गदर्शकाला) फोन लावावा. गाइडला बहुधा ठाऊक असतं.

क्रमांक प्रबंध जमा होतानाच, नो ड्यूजच्या (काही देणं बाकी नसल्याच्या) कागदासोबत घ्यावा. त्याच वेळी खात्याला खासगी ईमेल जोडून घ्या, कारण संस्थेचा ईमेल बंद झाला की पासवर्ड बदलणंही अवघड होतं. नोकरीची नोंद ‘सर्वांना दिसेल’ अशी ठेवायला सांगा, पण संमती घेऊनच.

आणि एक्सेलमध्ये ऑर्किड क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा. क्रमांक शून्यांनी सुरू होतो; मधल्या रेघा काढून आकडा म्हणून टाकलात तर ती शून्यं उडतात. शेवटी कधी कधी एक्स असतो, तोही चूक समजून पुसू नका.