व्हीएलसीच्या नावाखाली आत्याला साडेआठ हजारांना फसवलं

घरात आई-वडील, मामा-आत्या कॉम्प्युटर वापरत असतील तर हे पूर्ण वाचा, आणि जमलं तर त्यांनाही वाचून दाखवा.

माझी आत्या धनकवडीत राहते. नातवाच्या मुंजीचं शूटिंग फोटोग्राफरनं पेनड्राइव्हवर दिलं होतं, ते तिच्या लॅपटॉपवर लागेना. फोटोग्राफर म्हणाला, व्हीएलसी टाकून घ्या, व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट असतं. सल्ला बरोबरच होता. तिनं गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. ती कुणीतरी पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. पानावर तोच नारिंगी शंकू, तसंच मोठं डाउनलोडचं बटण. फाइल उतरली. ती चालवल्यावर एकामागोमाग एक खिडक्या आल्या, प्रत्येकीत ठळक 'अ‍ॅक्सेप्ट' आणि कोपऱ्यात फिकट राखाडी 'डिक्लाइन', म्हातारीच्याच काय, तरुणाच्याही नजरेत न भरणारं. शेवटी व्हीएलसी खरंच बसलं, मुंजीचं शूटिंगही लागलं. त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही.

मग ब्राउझरचं पहिलं पान बदललं. काहीही शोधलं की भलत्याच साइटवर नेऊ लागलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' अशा सूचना यायला लागल्या. आणि एका दुपारी पूर्ण स्क्रीनभर लाल पान आलं, सायरनचा आवाज, खाली मायक्रोसॉफ्टच्या नावानं फोन नंबर. काका बाहेर गेले होते. तिनं घाबरून फोन लावला.

पलीकडचा माणूस गोड बोलणारा होता. 'मॅडम, लॅपटॉप बंद मत कीजिए, सारा डेटा उड़ जाएगा.' त्यानं एक अ‍ॅप टाकायला लावून लॅपटॉपचा ताबा घेतला आणि इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली. हे सगळे व्हायरस, म्हणाला. ही यादी प्रत्येक विंडोज मशीनवर असते. कुठलीशी सेवा सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटर सापडला नाही, अशा किरकोळ नोंदी असतात त्या. पण ज्याला हे माहीत नाही त्याच्या काळजाचं पाणीच होणार. 'तीन वर्षांच्या संरक्षणा'चे ८,४९९ रुपये यूपीआयनं घेतले आणि पुढे नेटबँकिंग उघडायला सांगत होता, तेवढ्यात काका आले आणि त्यांनी लॅपटॉप बंद केला, म्हणून बाकीचे वाचले.

मी गेलो तेव्हा ती फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडलेली होती. व्हीएलसीचा खरा इन्स्टॉलर ४० एमबीच्या घरात असतो. ही जेमतेम २ एमबी. म्हणजे हा नुसता निरोप्या, खरा माल मागून नेटवरून आणणारा, आणि सोबत स्वतःचाही घुसवणारा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा, म्हणजे फाइल कुणाची आहे ते सांगणाऱ्या सहीचा, टॅब असतो. तो होता. आत सही करणाऱ्याचं नाव होतं. ते निवडून 'डिटेल्स' दाबलं, तर वर स्पष्ट लिहिलेलं: 'धिस डिजिटल सिग्नेचर इज ओके.'

इथेच बहुतेक लोक निर्धास्त होतात, आणि माझं सगळं सांगणं याच जागेसाठी आहे. सही अस्सल होती. पण ती 'व्हिडिओलॅन'ची नव्हती. व्हीएलसी ज्यांचं आहे ती फ्रान्समधली ना-नफा संस्था व्हिडिओलॅन, आणि त्यांच्या इन्स्टॉलरवर सही करणारा म्हणून त्यांचंच नाव दिसतं. आत्याच्या फाइलवर 'मीडिया', 'टेक' असले शब्द जोडून केलेलं भलत्याच कंपनीचं नाव होतं. अशा सहीसाठी लागणारं प्रमाणपत्र देणारी संस्था एवढंच तपासते की अशी कंपनी कागदोपत्री खरोखर आहे. ती कंपनी काय विकते, कुणाला लुबाडते, हे ती पाहत नाही. अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर) बनवणारे रीतसर पैसे भरून प्रमाणपत्र घेतात. म्हणूनच फाइल चालवताना विंडोजनं सही नसल्याची पिवळी नव्हे तर निळी खिडकी दाखवली असणार, 'व्हेरिफाइड पब्लिशर' असं लिहिलेली. त्या ओळीपुढचं नाव वाचायचं असतं, हे आपल्या लोकांना कुणी सांगतच नाही. याची मला खरोखर चीड येते.

तेव्हा सही आहे की नाही, यावर थांबू नका. कुणाची आहे ते वाचा. मागवलं एकाचं आणि सही दुसऱ्याची, तर फाइल न चालवता तिथल्या तिथे डिलीट करा. सही झाल्यावर फाइलमध्ये कुणी ढवळाढवळ केली असेल तर 'डिटेल्स'मध्ये ती वैध नसल्याचं दिसतं, तीही उडवा. टॅबच नसेल तर फाइलवर सही नाही. मात्र सही नाही म्हणजे खोटंच, असंही नाही. सेव्हन-झिप हे झिप फाइली उघडायचं चांगलं, जुनं सॉफ्टवेअर, त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरवरही सही नसते. अशा वेळी फाइल मूळ साइटवरून घेतली आहे ना, एवढाच आधार उरतो. ओळखीची साइट म्हणूनही विसंबू नका. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या सॉफ्टवेअर उतरवायच्या नावाजलेल्या साइटवर 'गिंप' या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची सॉफ्टवेअरं जोडलेली निघाली होती आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. शंका असेल तर फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर, टाकून बघा. तिथे 'पीयूए' (नको असलेलं सॉफ्टवेअर) किंवा 'अ‍ॅडवेअर' असे शेरे एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसले तर विषय संपला. स्वतःची खासगी कागदपत्रं मात्र तिथे चढवू नका.

आत्याच्या क्रोमच्या मेन्यूत तळाला 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं आलं होतं. घरच्या लॅपटॉपला कसली आली ऑर्गनायझेशन? त्या अ‍ॅडवेअरनं कंपन्यांसाठी असलेल्या धोरणाच्या (पॉलिसी) सेटिंगमधून एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) असं ठोकून बसवलं होतं की ते काढायचं बटणच चालत नव्हतं. कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्यानं टाकलं. ज्या मशीनचा ताबा परक्यानं घेतला होता त्यावर अर्धवट सफाई करून बँकेचं काम करणं मला पटलं नाही.

पैसे अजून परत आलेले नाहीत. तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर केली आहे, बँकेलाही लेखी दिलं आहे. काका आल्या आल्या फोन झाला असता तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त होती, पण आत्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोललीच नाही. तिला लाज वाटत होती. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आणि लाज तिला वाटावी!

तुमच्याकडे असं झालं तर आधी वायफाय बंद करा, १९३० ला फोन लावा, मग बँकेला. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मोबाइलवरून किंवा कॉम्प्युटरवरून, त्याच लॅपटॉपवरून नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, तो फोन नंबर, लाल पानाचा फोटो जपून ठेवा. आणि ती डाउनलोड केलेली फाइल, जिच्यावर सही करणाऱ्याचं नाव आहे, तीही पुन्हा न उघडता पेनड्राइव्हवर काढून ठेवा, तक्रारीसोबत द्यायला.