रांग की कमान? अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल टिपायची की त्रिमिती

चार-सहा जुने फोन जमवून, एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार मायब्रिज यांच्यासारखं अनेक कॅमेऱ्यांनी काहीतरी टिपून पाहायचं असेल, तर स्टँड विकत घेण्याआधी एक ठरवा: हालचाल हवी आहे की खोलीचा, म्हणजे त्रिमितीचा, भास? एकाच मांडणीत दोन्ही साधेल असं बरेच जण धरून चालतात. साधत नाही.

रांग सगळ्यांना माहीत असते. जून १८७८, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे लेलँड स्टॅनफर्ड यांचा घोड्यांचा फार्म. एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीला समांतर १२ कॅमेरे लावले, दोन कॅमेऱ्यांमध्ये २७ इंच. धावपट्टीवर आडवे दोरे ताणलेले. सॅली गार्डनर ही घोडी दौडताना दोरा तोडायची आणि समोरच्या कॅमेऱ्याचं शटर पडायचं. दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, तेही पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्यातून दिसलं. चित्रकार तोवर पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून रंगवत होते.

आता त्यातली शेजारची दोन चित्रं स्टीरिओस्कोपमध्ये, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून खोलीचा भास देणाऱ्या यंत्रात, घालायची कल्पना करा. गंमत अशी की घोडी जवळ यायच्या ऐवजी मागच्या भिंतीपलीकडे जाईल. दोन कॅमेऱ्यांतून पाहताना जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, आणि मेंदू त्यावरूनच अंतर ताडतो. पण इथे कॅमेरा २७ इंच सरकला तेवढ्यात घोडीही तेवढीच पुढे गेली, कारण शटर तीच पाडत होती. त्यामुळे दोन्ही चित्रांत तिचं धड जागच्या जागी आणि भिंत मात्र सरकलेली. मेंदूच्या हिशोबात घोडी क्षितिजावर! शिवाय पाय दोन्ही चित्रांत वेगळे, त्यामुळे डोळ्यांची ओढाताण होते ती निराळीच. विषय हलणारा असेल, तर रांगेतून खोलीची अपेक्षा ठेवू नका. नुसत्या हालचालीसाठी मात्र रांग उत्तम.

कमानीत कॅमेरे विषयाभोवती गोलाकार लावलेले असतात आणि सगळे एकाच क्षणी उघडतात. हेही मायब्रिज यांनीच केलं: १८७९ मध्ये कसरतपटूंभोवती पाच कॅमेरे अर्धवर्तुळात, आणि पुढे फिलाडेल्फियात बाजूच्या रांगेच्या जोडीला तिरक्या कोनांतून आणखी कॅमेरे. शिल्पकाराला यातून शरीराचा घाट कळतो. पण कोन इतके मोठे की डोळे दोन चित्रांचं एक चित्र करू शकत नाहीत. आपल्या डोळ्यांमधलं अंतर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. ढोबळ नियम असा की सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतकं अंतर दोन भिंगांत ठेवावं. माणूस दोन मीटरवर असेल तर सात सेंटीमीटर पुरे. २७ इंचांसाठी वीस मीटर मागे जावं लागेल.

म्हणून माझं मत दाट कमानीच्या बाजूने आहे: तीन-चार कॅमेरे, खेटून, एकाच क्षणी. १९८० च्या दशकातल्या निम्स्लो कॅमेऱ्यात चार भिंगं याच हिशोबाने शेजारी बसवलेली होती. त्या चार चौकटी एकामागोमाग पुढेमागे दाखवल्या की चष्म्याशिवाय खोली जाणवते. हल्ली इंटरनेटवर दिसणारी डुलणारी जिफ (GIF) चित्रं तीच.

कॅमेरा एकच असेल, तर फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांची वाट धरा: काळी पार्श्वभूमी आणि फोटोच्या एकाच काचेवर शटरची पुन:पुन्हा उघडझाप. हालचालीची रेघ सुंदर मिळते, पण एकाच भिंगातून दोन डोळ्यांची चित्रं मिळत नाहीत.

खरी अडचण एकाच क्षणी शटर पाडण्याची. फोन ब्लूटूथने जुळवले तरी थोडे मागेपुढे होतातच, आणि उडी मारणाऱ्या माणसाच्या बाबतीत तेवढ्यानेही खोली बिघडते. त्यावर स्वस्त उपाय: जागेत मिट्ट काळोख करा, सगळ्या फोनांचं शटर प्रो मोडमध्ये (जिथे शटरचा वेळ आपण ठरवतो) दोन सेकंद उघडं ठेवा आणि माणूस हवेत असताना बाहेरचा एकच फ्लॅश उडवा. क्षण मग फ्लॅशच ठरवतो. फोनचा स्वतःचा टॉर्च मात्र वापरू नका, तो सलग जळतो आणि सगळं पुसट होतं.