बायोडिझेलवर ट्रॅक्टर: अकरा महिने, सात फिल्टर

ट्रॅक्टरच्या इंधनाचा सातवा फिल्टर काल बदलला. नोंद द्राक्षबागेच्या फवारणीच्या वहीतच आहे, कारण ट्रॅक्टरची वेगळी वही ठेवायची पद्धत आमच्या घरात नाही. काळ्या पेनाने कुठलं औषध किती ग्रॅम, आणि मध्येच लाल पेनाने ‘फिल्टर’. अकरा महिन्यांत सात वेळा लाल पेन. याच ट्रॅक्टरला डिझेलवर वर्षाला एक फिल्टर पुरायचा.

तासगाव तालुक्यात दोन एकर द्राक्ष, २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर, मागे ब्लोअर, म्हणजे फवारणीचा पंखा. ट्रॅक्टर बारा वर्षांचा, साध्या पंप-नोझलचा. बीएस सहा, कॉमन रेल, धुरांड्यात फिल्टर असली नव्या पद्धतीची गाडी असणाऱ्यांनी पुढचं करमणूक म्हणून वाचावं. तुमच्या गाडीत हे घालून माझ्या नावानं बोंब मारू नका.

बायोडिझेलच्या आधी एक मूर्खपणा केला होता, तो सांगायलाच हवा. माझ्या मेव्हण्याची सांगलीत फरसाण-भडंगाची भट्टी आहे. तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरच्या वर तेल लागणाऱ्याला त्याची नोंदही ठेवावी लागते. त्यामुळे त्याच्याकडे काळ्या तेलाचे डबे साठलेले. तो म्हणाला, “दाजी, डिझेलसाहेबानं त्याचं इंजिन शेंगतेलावर चालवलं होतं. तुमच्या विहिरीवरचं इंजिन काय त्याहून नाजूक हाय?”

गोष्ट खोटी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच पुढे १९१२ मध्ये ते सांगितलं. (दरवर्षी १० ऑगस्टला जैवइंधन दिन असतो तेव्हा हा प्रयोग १८९३ चा म्हणून सांगतात. ती तारीख इंजिनाची आहे, शेंगतेलाची नव्हे.) मेव्हण्याने एवढंच सांगितलं नाही की तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. ते तापवून पातळ केलं नाही तर नोझलमधून फवारा उडत नाही, धार पडते, आणि धार नीट जळत नाही.

मी तेल फडक्यातून दोनदा गाळलं, सुरू करताना आणि बंद करताना डिझेल, मध्ये तेल, असा दोन टाक्यांचा जुगाड केला आणि विहिरीवरचं जुनं इंजिन दीड महिना चालवलं. पहिले पंधरा दिवस मी गावभर सांगत सुटलो. मग धूर वाढला, इंजिन लोड घेईना. मिस्त्रीने नोझल काढलं तर टोकाला कोळशाचं फूल आलेलं, रिंगा खाचेत चिकटलेल्या, आणि ऑइल काकवीसारखं घट्ट. हात पुसत तो म्हणाला, “बोअरमधी भजी तळली का काय?” कच्च्या तेलाचा विषय तिथे संपला.

बायोडिझेल म्हणजे हे तेल नव्हे, हा फरक मला त्या बिलानंतर कळला. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून साठ अंशांच्या आत तापवतात. ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते जवळपास डिझेलइतकं पातळ. ऐकायला काकवी करण्याइतकं सोपं वाटतं, म्हणून मेव्हण्याचा पुन्हा उत्साह. मी साफ नाही म्हणालो. मिथेनॉल हे विष आहे, डोळे जातात, आणि त्याची जळती ज्योत दिवसा दिसतही नाही. भट्टीशेजारी हे करायचं म्हणजे भडंगाच्या पोत्यांसकट वर जायची तयारी. म्हणून तयार बायोडिझेल विकत घ्यायला सुरुवात केली, मार्चमध्ये, ८० रुपये लिटर, घरपोच. विकणाऱ्याचं नाव देत नाही. भांडण आमचं चालू आहे.

पहिल्याच आठवड्यात ब्लोअर ओढताना ट्रॅक्टर खोकायला लागला. फिल्टर काढला तर काळा. दुसरा घातला, दहा दिवसांत तोही काळा. तिसरा महिन्याच्या आत. मी फोन लावला, चढ्या आवाजात. समोरून शांतपणे उत्तर, “तुमच्या टाकीतली घाण आहे.” मी म्हणालो, बारा वर्षं काही नव्हतं, आताच कुठून आली? पण टाकी उतरवून धुतली तेव्हा गप्प बसावं लागलं. बायोडिझेल टाकीला आणि पायपाला आतून चिकटलेला जुना गाळ सोडवून आणतं, साबणासारखं. घाण माझीच होती, बारा वर्षांची. तेव्हा पहिल्या तीन फिल्टरांचा दोष मी मागे घेतो. पण हे माल देताना सांगायचं असतं, फोनवर नव्हे.

त्याच महिन्यात परतीचा रबरी पाइप फुगून मऊ झाला. मिस्त्रीने दुसऱ्या जातीचा रबर बसवला, फ्लोरोरबर म्हणतात, २६० रुपये. त्यानंतर पाइपाची तक्रार नाही.

रंगाची मात्र आहे. टाकीच्या झाकणाखाली, जिथे भरताना थेंब ओघळतात, तिथला रंग सोलून निघाला. वीतभर पट्टा, आत पत्रा दिसतो. खंडेनवमीला अण्णांनी ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावलं, हार घातला, आणि त्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारलं, “ह्ये काय पितंय, ॲसिड?” अण्णांचा जैवइंधनावर राग जुना आहे. २००३ च्या सुमाराला मोगली एरंडाची (जट्रोफाची) हवा होती. नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला होता, पडीक जमिनीवर लावा, बिया विका, डिझेल पिकवा. अण्णांनी बांधाला ओळ लावली. बी घ्यायला कोणी आलं नाही. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. दोन झाडं अजून उभी आहेत.

आता चांगलं बोलतो, कारण मे महिन्यात माझं मत खरोखर बदललं होतं. टाकी धुतल्यानंतर ट्रॅक्टर असा चालला की मिस्त्रीही कान देऊन ऐकत बसला. ठकठक कमी, आवाज मऊ. फवारणीला बसणाऱ्याला आपलाच धूर वाऱ्याने तोंडावर येतो, डोळे चुरचुरतात, हे बागायतदारांना सांगायला नको. ती चुरचुर जवळजवळ गेली. बायोडिझेलमध्ये अंगचाच अकरा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, म्हणून काजळी कमी. भज्यांचा वास येतो म्हणतात, त्याची मी वाट बघत होतो. आला तो फारच पुसट, गार झालेल्या कढईसारखा. ताकद किंचित कमी पडते. दोन एकरांना पूर्वी पाच लिटर लागायचे, आता सव्वापाच ते साडेपाच. मे-जूनमध्ये कोणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून घ्या म्हणालो असतो, आणि दोघांना म्हणालोही. ते दोघे आता रस्त्यात भेटले की दुसरीकडे बघतात.

चौथा फिल्टर ऑगस्टमध्ये. ही चूक माझी. अर्धा कॅन झाकण नीट न लावता पावसाळ्यात शेडमध्ये राहिला. बायोडिझेल हवेतलं पाणी ओढून घेतं. तळाला पाणी, त्याच्यावर शेवाळासारखी चिकट साय. तेव्हापासून एक तपासणी करतो, तुम्हीही करा: बाटलीत अर्धं पाणी, अर्धं बायोडिझेल, जोरात हलवायचं आणि अर्धा तास ठेवायचं. दोन थर स्वच्छ वेगळे झाले तर माल बरा. मध्ये ताकासारखं पांढरं राहिलं तर साबण किंवा कच्चं तेल शिल्लक आहे, परत पाठवा.

मग डिसेंबर.

छाटणीचा चाळिसावा दिवस, बाग फुलोऱ्यात, रात्रभर दव. डाऊनीचं, म्हणजे केवड्याच्या बुरशीचं, औषध सूर्य वर यायच्या आत जायला हवं होतं. साडेसहाला ट्रॅक्टर सुरू झाला, बांधापर्यंत गेला आणि विझला. पुन्हा सुरू, पुन्हा विझला. फिल्टर काढला, नवा घातला, एअर काढली, पंधरा मिनिटं चालला, बंद. आणखी एक नवा घातला. तोही बंद. सकाळच्या साडेसातला मी बांधावर उभा, टाकीत सहाशे लिटर औषध कालवलेलं, हाताला डिझेलचा नव्हे तर तुपासारखा काहीतरी बुळबुळीत पदार्थ, आणि अण्णा काही न बोलता चहा घेऊन आलेले. त्यांचं न बोलणं ऐकू येत होतं.

मिस्त्री दहाला आला. त्याने चावी फिरवली, ट्रॅक्टर सुरू झाला. काहीही न करता. आणि दिवसभर चालला.

माझ्यापुढे इज्जतीचा प्रश्न होता. रात्री ओट्यावर दोन बाटल्या ठेवल्या, एकीत पंपावरचं डिझेल, दुसरीत बायोडिझेल. बागेतल्या हवामान यंत्रावर पहाटे १०.४ अंश. डिझेल जसंच्या तसं. बायोडिझेल तळापासून निम्म्यापर्यंत पांढरं, हिवाळ्यातल्या खोबरेलाच्या बाटलीसारखं थिजलेलं. ऊन आलं तसं पुन्हा पिवळं, पारदर्शक. सरळ गोष्ट होती. असलं बायोडिझेल तळणीच्या उरलेल्या तेलाचं, आणि आपल्याकडची तळणी बहुतेक पामतेलाची. पामतेलातली निम्म्याच्या आसपास चरबी संपृक्त असते, थंडीत गोठणारी, आणि बायोडिझेल केलं तरी तिचा स्वभाव जात नाही. सोयाबीन तेलाचं बायोडिझेल शून्याच्या आसपासपर्यंत तग धरतं. फरसाण सोयाबीनमध्ये तळलं असतं तर माझी ती सकाळ वाचली असती, पण मग मेव्हण्याचं फरसाण कोणी त्या भावात घेतलं नसतं.

बाटल्या घेऊन विकणाऱ्याकडे गेलो. मोठा आवाज केला, दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. त्याने विचारलं, मार्चमध्ये दिलेला तपासणीचा कागद कुठाय? कागद फवारणीच्या वहीतच होता, चार घड्या घातलेला, त्या दिवशीही माझ्या पिशवीत. त्यात छापलेलं: क्लाउड पॉइंट १३. म्हणजे १३ अंशांखाली गढूळ व्हायला लागणार. मी मार्चमध्ये ते वाचलं होतं. द्राक्षवाला माणूस, क्लाउड म्हटल्यावर ढगाळ हवामानाचं काहीतरी असेल असं वाटून घडी घातली होती. साध्या डिझेलच्या मानकातसुद्धा थंडीत फिल्टरमधून जाण्याची मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश अशी वेगवेगळी आहे. तेल कंपन्या जे गृहीत धरतात ते मी धरलं नाही. तरी माझं म्हणणं कायम आहे: नोव्हेंबरमध्ये तासगावला माल पाठवणाऱ्याला थंडी पडते हे माहीत असायला हवं. कागद दिला म्हणजे सांगितलं असं होत नाही. तो म्हणतो, होतं. भांडण इथे अडकलंय.

आता जे मला सर्वांत जास्त लागलं ते. त्या सकाळी मी काढून फेकलेले दोन फिल्टर ओट्यावर उन्हात पडले होते. दुपारी बायकोने उचलले तर खाली पिवळं बायोडिझेल निथळून गेलेलं आणि आतला कागद स्वच्छ. “अहो, हे तर चांगलेच आहेत की!” फिल्टर तुंबला नव्हताच, नुसता थिजला होता. उन्हात ठेवला असता तर मोकळा झाला असता. दोन नवे फिल्टर मी विनाकारण फोडले, आणि सबंध वर्ष फिल्टरच्या नावाने खडे फोडत होतो ते वेगळंच.

म्हणून खरं सांगायचं तर काल लावलेला सातवा फिल्टर म्हणजे पाचवाच आहे. पंधरा मिनिटं चाललेला. मिस्त्री म्हणाला कागदी फिल्टर पुन्हा लावू नये. मी म्हणालो २९० रुपये तू दे.

हिशेब असा. अकरा महिन्यांत ६५० लिटर घेतलं, ५२,००० रुपये. तेवढ्या कामाला डिझेल ६०० लिटर लागलं असतं, ९१ च्या भावाने ५४,६००. वाचले २,६००. विकत घेतलेले सहा फिल्टर १,७४०, पाइप २६०. उरले ६०० रुपये. बायको म्हणते एक फिल्टर डिझेलवरही लागलाच असता, म्हणजे ८९० धरा. धरले. टाकीच्या झाकणाखालच्या पट्ट्याला रंग मारून घ्यायला पेंटरने ७०० सांगितलेत. बागेत दोन ओळींत डाऊनी दिसला तो मी यात धरलेला नाही; मी म्हणतो त्या सकाळच्या उशिराने आला, अण्णा म्हणतात छाटणीच उशिरा झाली.

सध्या टाकी धुऊन पाचाला एक, म्हणजे २० टक्के बायोडिझेल आणि बाकी डिझेल घातलंय. ओट्यावर आता तीन बाटल्या असतात. आज पहाटे १२.२ अंश होते, २० टक्क्यांची बाटली स्वच्छ. आज रात्री निम्म्या-निम्म्याची ठेवणार आहे.