हंगामी भाज्यांची सुरुवात: बाजारातून निवडून की शेतावरच्या पेटीतून?

जवळच्या शेतातलं आणि हंगामातलंच शिजवायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, भाजी आणायची कुठून? बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. शेतकरी स्वतः माल विकतात त्या बाजारात जाऊन निवडून आणायची, किंवा एखाद्या शेताचं सभासद होऊन दर आठवड्याला तिथे निघेल त्याची पेटी घ्यायची. नवख्याला मी बाजारच सुचवेन.

पेटीची पद्धत मला मनापासून आवडते. जपानमध्ये १९७०च्या दशकात ती 'तेइकेई' नावानं रुजली, अमेरिकेत १९८६च्या सुमारास सुरू झाली. सभासद हंगामाचे पैसे आधीच भरतो, त्यामुळे बी-खताच्या ऐन गरजेला शेतकऱ्याच्या हाती पैसा असतो. पीक भरघोस आलं तर पेटी ओसंडते, गारपिटीत गेलं तर अर्धीच येते. जोखमीतला हा वाटा उचलणं मोलाचं आहे, पण शिकाऊ हातांना ते जड जातं. कधी न शिजवलेला कंद, मोठा कोबी आणि तीन प्रकारचा पाला एकदम घरात आला, की पाला निवडेनिवडेपर्यंत मलूल होतो. आठवड्याच्या शेवटी नासलेली भाजी टाकून द्यावी लागली, की उत्साहही तिच्याबरोबर जातो.

बाजारात मात्र दोनच भाज्या घेऊन परतता येतं. तेवढ्या नीट शिजवल्या, की पुढच्या खेपेला तिसरी. शिवाय हंगाम तिथे डोळ्यांना दिसतो: जी भाजी प्रत्येकाकडे ढिगानं आहे आणि जिचा भाव उतरलाय, तिचा बहर चालू आहे. पाल्यासकट मुळा किंवा गाजर घ्यावं, कारण पाला टवटवीत असेल तर काढणी नुकतीच झालेली असते. घरी आल्यावर तो लगेच वेगळा करावा, नाहीतर मुळ्या-गाजरातलं पाणी ओढून घेतो. मटार तोडल्यापासून त्यातली साखर पिठूळ होत जाते, म्हणून सकाळी तोडलेला मटार त्याच दिवशी शिजवला तर त्याची गोडी वेगळीच लागते. थंडीत गाजर, कोबी गोड होतात, कारण गारठ्यापासून वाचायला झाड स्वतःच साखर साठवतं. हे सगळं विकणाऱ्याशी बोलता बोलता कळत जातं. 'कधी काढली?' एवढं विचारलं तरी शेतकरी कोण आणि दुसरीकडून आणून विकणारा कोण, हे बऱ्याचदा उमगतं.

बाजाराची उणी बाजूही खरी आहे. वेळ काढावा लागतो आणि हात सवयीनं त्याच चार भाज्यांकडे वळतो. पेटी ही सवय मोडते. म्हणून आठवड्यात चार-पाच दिवस घरी स्वयंपाक होत असेल, खाणारी तोंडं जास्त असतील आणि फ्रिजमध्ये जागा असेल, तर पेटी जरूर घ्या. अर्धी किंवा पंधरवड्याची मिळाली तर उत्तमच. कुंडीत लावणं हा तिसरा मार्ग, पण तो जोडीला. मुळा सुमारे महिनाभरात तयार होतो आणि कोवळा पाला घरचाच असला तर बराच वाया जायचा वाचतो.

वाट कोणतीही घेतली तरी केवळ जवळचं म्हणून भुलू नये. इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातला अवेळी टोमॅटो जवळचा असला, तरी उबदार प्रदेशातून उन्हात पिकून आलेल्या टोमॅटोपेक्षा त्याला जास्त ऊर्जा लागलेली असू शकते. दोन्ही साधत नसेल, तर मी हंगामाला झुकतं माप देते.

आधी पाककृती ठरवून तिच्यासाठी भाजी शोधत फिरू नका. कंद भाजायचे, पाला लसणावर परतायचा, कोवळ्या शेंगा वाफवायच्या आणि उरलंसुरलं सूपमध्ये घालायचं, एवढं जमलं तर समोर येईल ते शिजवता येतं. पेटी घेतलीच, तर पाला पहिल्या दोन दिवसांत संपवा, मग शेंगा, शेवटी कोबी आणि कंद. टोमॅटो पिकेपर्यंत फ्रिजबाहेर राहू द्या, थंडीनं त्याचा वास आणि चव उतरते. कांदे-बटाटे एकमेकांपासून लांब, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवा.