आधीचा खरेदीदार तसाच राहतो: लिलाव नोंदीच्या सॉफ्टवेअरचे नऊ महिने

गेल्या शनिवारी पुन्हा तेच झालं. सौदे सुरू व्हायला अर्धा तास होता, लॅपटॉपनं आपणहून अपडेट घेतलं, आणि बटाट्याची सहा वक्कलं (एकेका शेतकऱ्याच्या मालाचे ढीग) ४१ नंबरच्या खरेदीदाराऐवजी १४ नंबरच्या नावावर चढली. हा अनुभव मी फेब्रुवारीतच अर्धा लिहून ठेवला होता, आणि त्यात कौतुकच जास्त होतं. ते कौतुक खोडत नाही. पण शनिवारनंतर ते आहे तसं छापायला मन होत नाही.

मी बेळगावच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात लिहिणावळीचं काम करतो. कांदा, बटाटा, रताळी. बुधवार आणि शनिवार हे आमचे मोठे दिवस. बेळगाव आणि खानापूर तालुक्याचा माल असतो, शिवाय सीमेपलीकडून चंदगडचाही. घेणाऱ्यांत गोव्याचे आणि हुबळीकडचे व्यापारी असतात. सॉफ्टवेअर जुलैत घेतलं, खरिपाचा बटाटा यायच्या आधी हात बसावा म्हणून. वर्षाला नऊ हजार रुपये, एक लिहिणारा आणि एक गल्ल्यावरचा, अशा दोन मशीनसाठी.

यात काय काय आहे ते घेणाऱ्यांना माहीत असतंच, म्हणून फक्त आमची पद्धत सांगतो. सकाळी आवक होते तेव्हाच शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती आणि वक्कल नंबर भरून ठेवतो. बोलीच्या वेळी दोनच गोष्टी भरायच्या: भाव आणि खरेदीदाराचा नंबर. वजन नंतर काट्यावर होतं. बाहेरच्या लिलावांसाठी बनवलेल्या बऱ्याच प्रोग्रॅमना हे झेपत नाही. त्यांना नग आणि किंमत एकदमच लागते, कारण तिकडे कपाट विकलं म्हणजे कपाट विकलं. आमच्याकडे भाव क्विंटलचा ठरतो आणि क्विंटल किती हे दोन तासांनी कळतं. या सॉफ्टवेअरमध्ये वजन मागाहून टाकता येतं, आणि टाकलं की हमाली, तोलाई, उचल (शेतकऱ्यानं आधी घेतलेले पैसे) सगळं त्याच्या त्याच्या जागी बसून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याचा हिशेबाचा कागद, तयार होते. मालकांनी हेच पाहून पैसे मोजले, आणि या बाबतीत आजवर एक रुपयाही चुकलेला नाही.

आता मूळ दुखणं. एका वक्कलाची नोंद झाली की पुढच्या वक्कलावर आधीच्या खरेदीदाराचा नंबर तसाच राहतो. भाव टाकला, दोनदा एंटर दाबलं, की नोंद झाली. त्यामागचा विचार मला कळतो. एकच व्यापारी ओळीनं पाच वक्कलं घेतो तेव्हा पाच वेळा नंबर दाबायचा वाचतो. पण आमचा सौदा कसा चालतो ते बघा. बोली पुकारणारा पुढे, त्याच्याभोवती व्यापारी, मागे मी, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेल्या फळीवर लॅपटॉप. तो ‘साडेअठरा’ म्हणतो, मला १८५० टाकायचं. ‘सव्वाएकोणीस’ म्हणजे १९२५. मधेच कोणी व्यापारी कन्नडमध्ये ‘हदिनेंटूवरे’ म्हणतो, तेही साडेअठराच. हे सगळं डोक्यात फिरवून बोटं भाव टाकतात, आणि खरेदीदाराचं नाव पुकारेपर्यंत पुकारणारा पुढच्या ढिगावर पोचलेला असतो. त्या क्षणी जागा रिकामी असेल तर मशीन टुक करतं, मी ओरडून विचारतो, ‘कुणाला दिलं ओ काका?’ जागा आधीच भरलेली असेल तर मशीन गप्प आणि मीही गप्प.

ऑक्टोबरमध्ये याचा पहिला दणका बसला. संध्याकाळी १४ नंबरवाल्यांचा माणूस बिल घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, ‘यात त्रेसष्ट पोती जास्त हायत की.’ त्यांच्या गाडीत तेवढी पोती चढलेलीच नव्हती. माल बरोबर माणसाकडे गेला होता, कारण ढिगावर खरेदीदाराची खूण हमाल करतात, सॉफ्टवेअर नाही. त्रेसष्ट पोती म्हणजे साडेएकतीस क्विंटल, भाव साडेअठराचा, म्हणजे ५८ हजारांचा फरक. शेतकऱ्याच्या पट्टीला धक्का लागला नाही, भाव बरोबर होता. पण १४ नंबरवाले गेली कित्येक वर्षं आमचं बिल न मोजता पैसे देत आले होते, ते त्या दिवसापासून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतात. ते नुकसान कुठल्या खात्यात लिहायचं?

कंपनीला तीनदा फोन केला. पहिल्यांदा ‘तिकीट काढलंय’, म्हणजे तक्रार नोंदली. दुसऱ्यांदा सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागली. तिसऱ्यांदा एक मुलगा म्हणाला, ‘सर, नंबर नीट टाइप करत जा.’ रोज शंभरावर वक्कलं लिहिणाऱ्या माणसाला हे सांगणं मला फार लागलं. मी तेव्हाच मालकांना म्हटलं होतं, पैसे गेले समजा आणि वही काढा.

मग डिसेंबरात माझं मत बदललं. थर्मल प्रिंटरवर जोडाक्षरं तुटत होती, ‘कृष्णा’चं भलतंच काही छापलं जात होतं, म्हणून मी सेटिंगमध्ये शोधत बसलो होतो. तिथं शेवटच्या पानावर ‘क्लिअर बायर आफ्टर सेल’ अशी टिक करायची जागा दिसली. टिक केली आणि प्रत्येक नोंदीनंतर खरेदीदाराचा नंबर आपोआप पुसला जायला लागला. म्हणजे सोय पहिल्या दिवसापासून होती, आणि तीन फोनांत ती कुणीही सांगितली नाही. त्या रात्री राग आणि आनंद दोन्ही एकदम आले.

टिक केल्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत एकही चुकीचं नाव लागलं नाही. महाशिवरात्रीच्या आधी रताळ्याची आवक अंगावर येते. त्या गर्दीत एका शनिवारी सौदा ऐन भरात असताना वीज गेली. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण दुकानातला राउटर बंद, त्यामुळे गल्ल्यावरच्या मशीनला काहीच दिसेना. मी लिहीत राहिलो, पोटात गोळा घेऊन. चाळीस मिनिटांनी वीज आली आणि सगळी वक्कलं एकामागून एक गल्ल्यावर उतरली. मी कागदावर रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या मोजल्या. एकही कमी नाही, एकही दोनदा नाही. पूर्वी दिवाबत्तीच्या वेळेपर्यंत चालणारा वहीचा ताळा आता हमालांचा चहा होईस्तोवर संपतो. चंदगडच्या शेतकऱ्यांना शेवटची एसटी सुटायच्या आत हातात पट्टी मिळते, हे मला फार मोठं वाटतं.

कुणी म्हणेल, कर्नाटकात २०१४ पासून युनिफाइड मार्केट प्लॅटफॉर्म, म्हणजे बाजार समित्यांची ऑनलाइन लिलावाची व्यवस्था आहे, मग हे कशाला? तिथं ई-टेंडर असतं. व्यापारी आपला भाव संगणकात टाकतो आणि सर्वांत वरचा भाव संगणकच काढतो, मधे लिहिणारा नसतोच. आमचा भाजीपाल्याचा सौदा तोंडी बोलीचा. जिथं बोली तोंडी आहे तिथं कुणाच्या तरी कानावर आणि बोटांवर सगळं उभं राहतं, म्हणून मी त्या एका जागेसाठी एवढा भांडतोय.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. गावांच्या यादीत ‘बेळगावी’ आहे, ‘बेळगाव’ टाकलं की नवं गाव तयार होतं. ‘निपाणी’ आणि ‘निप्पाणी’ दोन वेगळी गावं धरतं. त्यामुळे एकाच शेतकऱ्याची दोन खाती पडतात आणि उचल एकीकडे, विक्री दुसरीकडे. आता मी नावाऐवजी मोबाइल नंबरवर खातं शोधतो, त्यानं प्रश्न मिटला. थर्मल कागदावरची पट्टी शेतकऱ्याच्या खिशात दोन महिन्यांत पुसट होते. ज्याला सोसायटीत दाखवायची असते त्याला मी साध्या कागदावर काढून देतो. वेगळा नंबरपॅड जरूर घ्या. मी ३५० रुपयांचा घेतला, त्यानं बोटांचा वेग दीडपट झाला.

आणि मग गेला शनिवार. अपडेटनं ती टिक काढून टाकली होती. तीन महिन्यांत बोटांना रिकाम्या जागेची सवय झालेली, त्यामुळे या वेळी फसणं जास्त सोपं होतं. सातव्या वक्कलाला ४१ नंबरवाल्यांनी स्वतः वाकून पडद्यावर पाहिलं, म्हणून सहावरच थांबलं. मी पुकारणाऱ्या काकांना हात वर करून सौदा थांबवायला सांगितला. इतक्या वर्षांत मी सौदा थांबवल्याची ही पहिली वेळ. ढिगांवरच्या खुणा बघत उलटा चालत गेलो आणि सहाही नोंदी दुरुस्त केल्या. एका नोंदीच्या दुरुस्तीला पाच खिडक्या उघडाव्या लागतात. बावीस माणसं उन्हात उभी होती.

नूतनीकरण जुलैत आहे. कंपनी तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट देतेय आणि मालकांनी मला विचारलं. मी सांगितलं, घ्या, पण एकच वर्षाचं. आपणहून होणारं अपडेट बंद करून टाकलंय, ते आता रविवारी दुकान बंद असताना मी हातानं घेणार. लॅपटॉपच्या झाकणावर आतून पांढरी पट्टी चिकटवून लिहिलंय: सौद्याआधी टिक बघ. आणि फळीच्या कडेला दोरीनं पेन्सिल बांधली आहे. खरेदीदाराचा नंबर मशीनमध्ये टाकायच्या आधी मी तो कागदावर लिहितो.