खान्देशच्या उन्हात वायपर ब्लेड किती टिकते: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

वायपर ब्लेड सहा ते बारा महिन्यांत बदलावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. भुसावळला राहून, गाडी बारमाही उघड्यावर उभी करून आणि जळगाव-धुळे महामार्गावर नेहमी ये-जा करून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे हा हिशेब महिन्यांत न मांडता उन्हाळ्यांत मांडावा. खान्देशात ब्लेड पावसात झिजून जात नाही. ते चैत्र-वैशाखात, एकदाही न फिरता, जागच्या जागी निकामी होते.

मागच्या वर्षी मृग लागण्याच्या तोंडावर मी दोन्ही बाजूंना बिनफ्रेमची नवी ब्लेड बसवली. जुन्या पद्धतीच्या ब्लेडला लोखंडी सांगाडा असतो आणि तो ठरावीक चार-सहा जागीच रबर दाबून धरतो. बिनफ्रेमच्या ब्लेडमध्ये स्प्रिंग स्टीलची एकच वाकवलेली पट्टी असल्यामुळे दाब संपूर्ण लांबीवर सारखा पडतो, शिवाय चिखल अडकायला सांधे राहत नाहीत. रबर नैसर्गिक होते आणि त्यावर ग्रॅफाइटचा लेप होता.

पावसाळाभर या जोडीबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटात धुके आणि मुसळधार पाऊस एकत्र असतानाही काच एका फेरीत स्वच्छ होत होती. खरी परीक्षा मात्र घाटातल्या पावसाची नव्हती, ती महामार्गावरच्या चिखलाची होती. आपल्याकडे पाऊस सलग लागून राहत नाही. एक सर येते, मग दोन दिवस उघडीप असते आणि पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेली काळ्या मातीची राळ काचेवर येऊन बसते. अशा वेळी थेट वायपर फिरवला की मातीतली बारीक वाळू रबराच्या कडेखाली सापडते आणि कड तासली जाते. म्हणून आधी वॉशरचे भरपूर पाणी मारावे आणि मगच वायपर चालवावा. ही एवढी सवय ठेवल्याने माझे ब्लेड दिवाळीपर्यंत नव्यासारखे राहिले, असे मी खात्रीने म्हणतो.

हिवाळ्यात दव आणि कापसाच्या हंगामातली धूळ एवढेच काम होते आणि तेही नीट पार पडले. फेब्रुवारीपासून पुढे वायपरला हात लावण्याची वेळ क्वचितच आली. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि उन्हात उभ्या गाडीची काच व बोनेट त्याहून कितीतरी जास्त तापते. रबर त्या तापलेल्या काचेवर, एकाच बाजूला कललेल्या अवस्थेत, महिनोन्महिने दाबून राहते. नैसर्गिक रबराचा आणखी एक शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. ताणलेल्या रबरावर तो आडव्या बारीक भेगा पाडतो आणि ऊन त्याला हातभार लावते.

मेअखेर दांडा उचलून मी रबराची कड ओल्या कापडाने पुसली आणि अंगठ्याच्या नखाने टोकापासून टोकापर्यंत चाचपून पाहिली. चालकाच्या बाजूचा मधला भाग काचेसारखा गुळगुळीत आणि कडक लागत होता. कड बोटाने उलट बाजूला वळवून सोडली, तर ती सरळ उभी न राहता पुन्हा मूळ बाजूलाच जाऊन पडली. वायपर दिशा बदलतो तेव्हा ही कड दर वेळी पलटी घेते आणि मागे ओढली जात पाणी काढते. पलटी घेता आली नाही, तर ती काचेवर अडखळत, टपटप उड्या मारत जाते. गॅरेजमधल्या कारागिराने पाहताक्षणी सांगितले, “भाऊ, रबर कडक व्हई गयं.” चाळीसगावच्या माझ्या चुलतभावाच्या गाडीला अगदी हीच ब्लेड त्याच सुमारास बसवली होती आणि त्याचे फिरणे माझ्यापेक्षा कमी नाही. त्याची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते. त्याचे रबर अजून मऊ आहे.

ब्लेड बदलावे की नाही, हे ठरवण्यापूर्वी काचेवर नेमके काय दिसते ते पाहणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक खुणेचे कारण वेगळे असते आणि दुकानदार सगळ्यांवर नवे ब्लेड हाच उपाय सांगतो. जाता-येता एकाच जागी बारीक रेघ राहत असेल, तर कडेला कचरा चिकटला आहे किंवा ती तेथे फाटली आहे. पुसूनही रेघ गेली नाही, तर ब्लेड बदलावे. जाताना काच स्वच्छ होते आणि येताना थरथर होते, असे असल्यास रबर एका बाजूला बसले आहे किंवा दांडा किंचित पिळला गेला आहे. मध्येच रुंद पट्टा न पुसता सुटत असेल, तर ब्लेडची वाक काचेच्या वाकेशी जुळत नाही किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झाली आहे, आणि नवे रबर घालून हा दोष जाणार नाही. वायपर गेल्यावर धूसर पडदा राहून तो हळूहळू विरत असेल, तर ब्लेड बहुधा निर्दोष असते. काचेवर धुराचा आणि तेलाचा थर बसलेला असतो. हा थर रात्री फार घातक ठरतो, कारण समोरच्या ट्रकचा उजेड त्यावर पसरतो आणि दुचाकीस्वार दिसेनासा होतो.

काचेची स्वच्छता येथे अधिक महत्त्वाची आहे, कारण बोअरचे पाणी जड असते आणि ते काचेवर वाळले की क्षारांचे खरखरीत डाग राहतात. वॉशरच्या टाकीत मी गाळलेले मऊ पाणी आणि थोडा गाडीचा शाम्पू घालतो. कपड्याची पावडर घालत नाही. चकाकीसाठी रबरावर डिझेल किंवा रॉकेल फिरवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती पूर्णपणे सोडून द्यावी, कारण त्याने नैसर्गिक रबर फुगते व सैल पडते. दुपारी दांडे उभे करून ठेवण्यानेही अर्धेच काम होते: कड दबत नाही, परंतु ऊन लागतेच आणि वाऱ्याने दांडा काचेवर आपटण्याची भीती असते. त्यापेक्षा वायपरही झाकले जातील असे कापडी आवरण काचेवर बाहेरून टाकणे मला अधिक योग्य वाटते.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 101 नुसार गाडीला कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. खर्चाचेही कारण सांगता येत नाही. ब्लेड काही शेकड्यांत मिळते. रबर निघून उघड्या पडलेल्या पट्टीने काचेवर ओरखडा काढला, तर काचेला काही हजार मोजावे लागतात.

यंदा मी सिलिकॉनची ब्लेड घेतली आहेत. ती महाग आहेत, परंतु सिलिकॉन ऊन आणि ओझोन नैसर्गिक रबरापेक्षा पुष्कळ चांगले सोसते. काच तेलकट असेल तर ती जास्त थरथरतात, म्हणून बसवण्याआधी काच दोनदा धुऊन घेतली. आपल्याकडे खरेदीची वेळ मेचा शेवटचा आठवडा हीच असावी. फेब्रुवारीत घातलेले नैसर्गिक रबराचे ब्लेड पाऊस पाहण्याआधीच म्हातारे होते. दुकानात जाताना दोन्ही बाजूंची लांबी मोजून न्यावी, कारण चालकाकडचे ब्लेड बहुतेक गाड्यांत लांब असते, आणि दांड्याच्या टोकाचा आकडा (हूक) कसा आहे त्याचा फोटोही सोबत ठेवावा. जुने ब्लेड काढल्यावर उघड्या दांड्याखाली जाड कापडाची घडी अवश्य ठेवावी. तो निसटून काचेवर आदळला, तर काच तडकते.