टेबलावरचा फोन इंटरनेटवर नेताना : विद्यापीठातल्या कार्यालयापुढचे तीन पर्याय

निकालाच्या दिवसांत परीक्षा विभागात अर्धा तास बसून पाहावं. टेबलावरचा फोन वाजत असतो, तो उचलणारा कर्मचारी शेजारच्या इमारतीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत असतो, आणि पलीकडे गडहिंग्लजहून कुणाची तरी आई ‘गुणपत्रिका कधी मिळेल’ एवढंच विचारायला फोन धरून थांबलेली असते. इंटरनेटवरून कॉल करण्याचं सॉफ्टवेअर कार्यालयात आणायचं ते या बाईंसाठी. म्हणून निवडीला बसताना मी पहिला प्रश्न हाच धरतो : बाहेरचा माणूस साध्या मोबाइलवरून कोणता क्रमांक लावणार, आणि तो कुठे वाजणार? दुसरा प्रश्न त्याला लागूनच येतो. तो क्रमांक खुर्चीचा आहे की खुर्चीवरच्या माणसाचा?

पहिला पर्याय बहुतेक विद्यापीठांच्या हातात आधीच असतो. पात्र शिक्षणसंस्थांना गुगल वर्कस्पेसची फंडामेंटल्स आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टची ए१ आवृत्ती फुकट मिळते, आणि त्यांच्यासोबत मीट किंवा टीम्स हे ऑनलाइन कॉल-बैठकांचं ॲप येतंच. विद्यापीठाच्या ईमेलनं लॉगिन केलं की सहकाऱ्याला कॉल लागतो. सुरुवातीला एक दिवससुद्धा लागत नाही. मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी, दोन विभागांचे प्रमुख, बाहेरगावचे परीक्षक यांचं काम यावर उत्तम चालतं आणि त्यासाठी वेगळा खर्च करू नये. पण याला फोन क्रमांक नाही. गडहिंग्लजच्या बाई मीटची लिंक उघडणार नाहीत. परदेशात गुगल व्हॉइस ही सेवा क्रमांक देते, ती भारतात उपलब्ध नाही.

क्रमांक नाही म्हणून मग सगळीकडे एकच पळवाट निघते : लिपिकाचा स्वतःचा व्हॉट्सॲप क्रमांक सूचनाफलकावर लागतो. याला माझा ठाम विरोध आहे. बदली होऊन दोन वर्षं झाली तरी त्या माणसाला रात्री साडेदहाला ‘मॅडम, फॉर्मची मुदत वाढली का?’ असे कॉल येत राहतात, आणि नव्या माणसाकडे काहीच येत नाही. महिला कर्मचाऱ्यांना याचा जो त्रास होतो, तो तर कुठल्याही टिपणीत येत नाही. स्काइपवर विसंबलेल्यांनाही कळून चुकलं आहे की ॲपची ओळख म्हणजे कार्यालयाचा क्रमांक नव्हे. ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं, आणि छापलेल्या पत्त्यावरचं ते नाव त्या दिवशी निरुपयोगी झालं.

दुसरा पर्याय स्वतःचं एक्सचेंज, म्हणजे कॉल जोडून देणारी आपलीच यंत्रणा, उभारण्याचा. सर्व्हररूममधल्या एका संगणकावर ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर बसवायचं. ते १९९९ पासून आहे आणि जगभर वापरलं जातं. त्यावर फ्रीपीबीएक्स हे जोड-सॉफ्टवेअर घातलं की कारभार ब्राउझरमधून करता येतो. मग प्रत्येक टेबलाला एक एक्स्टेंशन, म्हणजे छोटा अंतर्गत क्रमांक, द्यायचं. कर्मचाऱ्याच्या संगणकावर किंवा मोबाइलवर लिनफोन, झॉयपर, विंडोजवर मायक्रोसिप असं एखादं सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं, ॲप टाकायचं आणि त्यात तीन गोष्टी भरायच्या : एक्सचेंजचा पत्ता, एक्स्टेंशन, पासवर्ड. एवढ्यावर अंतर्गत कॉल सुरू होतात. गठ्ठे मोजायला गेलेल्या माणसाचं एक्स्टेंशन त्याच्या खिशात वाजतं, आणि त्यानं उचललं नाही तर तिसऱ्या घंटीनंतर शेजारच्या टेबलावर जातं. बदली झाली की एक्स्टेंशन तिथेच राहतं, फक्त पासवर्ड बदलायचा.

या पर्यायातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे जुना क्रमांक टिकतो. ज्या विद्यापीठाकडे ३० वाहिन्यांची, म्हणजे एकाच वेळी तीस कॉल नेणारी, पीआरआय लाइन आहे, ती गेटवे या जोडणी-उपकरणामार्गे या एक्सचेंजला जोडता येते. माहितीपत्रकावर आणि पालकांच्या वहीत लिहिलेला क्रमांक तोच राहतो. नवी लाइन घ्यायची तर परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडून सिप ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रानं येणारी फोनलाइन, घ्यावी. सिमकार्डं भरलेल्या डब्यातून स्वस्तात कॉल करून देतो असं सांगणाऱ्या विक्रेत्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी हे एक्सचेंज सांभाळायला माणूस लागतो, आणि तो कायमचा लागतो. १०५ क्रमांकाच्या एक्स्टेंशनचा पासवर्डही १०५ ठेवला आणि एक्सचेंज थेट इंटरनेटवर उघडं राहिलं, तर कुणीतरी रात्रीतून परदेशी कॉल करतं आणि बिल विद्यापीठाला येतं. म्हणून आयएसडी पहिल्या दिवशीच ट्रंकवर बंद करून घ्यायचं, लांब पासवर्ड ठेवायचे, आणि बाहेरून जोडणाऱ्यांना व्हीपीएनमधूनच, म्हणजे विद्यापीठाच्या सुरक्षित खासगी जोडणीतूनच, आत घ्यायचं.

दुसरा घोळ आकड्यांचा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. त्यातच जुन्या इंटरकॉमवर बाहेरची लाइन घ्यायला शून्य दाबायची सवय असते. एक जण दोन शून्यं लावतो, दुसरा एकही लावत नाही, आणि ‘नवीन फोन लागतच नाही’ ही तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. दहा आकडे आले की शून्य आपोआप जोडायचा नियम एक्सचेंजमध्येच लिहून ठेवला, तर ही तक्रार उद्भवतच नाही. आमच्याकडे हे दुसऱ्या आठवड्यात सुचलं, तोवर तीन जणांनी हेडसेट खणात ठेवून दिले होते.

तिसरा पर्याय भाड्याचा. एक्सचेंज कंपनीचं, ते कंपनीच्याच जागेत, आणि आपण माणशी दरमहा पैसे द्यायचे. टीम्सला भारतातला क्रमांक जोडायचा तर मध्ये परवानाधारक कंपनी लागते. एअरटेलनं अशी सेवा २०२३ मध्ये आणली. मायक्रोसॉफ्टच्या ए५ परवान्यात टीम्सची फोनप्रणाली येते, ए१ मध्ये येत नाही, हे प्रस्ताव लिहिण्याआधी तपासा. झूमनं भारतातला झूम फोन २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यापासून, म्हणजे टेलिकॉम परवान्यांच्या महाराष्ट्र विभागापासून (सर्कलपासून) सुरू केला. या सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबईचं सर्कल वेगळं आहे. त्यामुळे आपल्या गावाच्या एसटीडी कोडचा क्रमांक मिळेल का, आणि जुना क्रमांक चालू ठेवता येईल का, ही दोन उत्तरं विक्रेत्याकडून लेखी घ्या. सोय मात्र खरी आहे. सर्व्हर सांभाळायचा नाही, मोबाइलवर घंटी भरवशानं वाजते, आणि कोणता कॉल किती वेळ ताटकळला याचा तक्ता आयता मिळतो. स्वतःच्या एक्सचेंजवर मोबाइलची घंटी हेच दुखणं असतं. अँड्रॉइडची बॅटरी-बचत सॉफ्टफोन झोपवून टाकते. ॲपला त्यातून वगळावं लागतं, आणि तरीही अधूनमधून कॉल हुकतो.

खर्चाची मांडणी दोन्हीकडे उलटी आहे. स्वतःच्या एक्सचेंजमध्ये शंभरावं एक्स्टेंशन जवळजवळ फुकट पडतं. भाड्याच्या सेवेत शंभराव्या माणसाचे पैसे पहिल्याइतकेच, आणि दर महिन्याला. चारशे कर्मचाऱ्यांना सरसकट परवाने घेणाऱ्या प्रस्तावावर मी सही करणार नाही. बाहेरचे कॉल खरोखर घेणारी टेबलं मोजली तर ती बहुधा पंचवीस-तीस निघतात : परीक्षा, पात्रता, शिष्यवृत्ती, वसतिगृह, दूरशिक्षण, आवक-जावक.

नेटवर्कची भीती बरेच जण चुकीच्या ठिकाणी बाळगतात. जुन्या लँडलाइनच्या दर्जाच्या आवाजासाठी एका कॉलला एका दिशेनं सेकंदाला साधारण ८७ किलोबिट लागतात. एकाच वेळी वीस कॉल चालू असले तरी पावणेदोन मेगाबिटच्या आसपास. आवाज तुटतो तो दगडी भिंतींमागच्या वायफायमुळे. एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ लागला की दोघंही एकदम बोलू लागतात. म्हणून टेबलावरच्या संगणकाला केबल द्या. एकीकडचाच आवाज ऐकू येत असेल तर राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट-कॉलच्या माहितीत फेरफार करणारं सेटिंग, बंद करून पाहा. आणि यूएसबी हेडसेटवर पैसे वाचवू नका.

माझं मत विचाराल तर असं : विभाग लहान, बाहेरचे कॉल दिवसाला पाच-दहा, तर मीट किंवा टीम्स चालू ठेवा आणि एक साधा लँडलाइन फोन असू द्या. संगणक केंद्रात लिनक्स जाणणारे दोन कायम कर्मचारी असतील तर स्वतःचं एक्सचेंज. दोन म्हटलं ते मुद्दाम, कारण एक जण रजेवर जातो. तसा माणूस नसेल आणि बाहेरून येणाऱ्या कॉलचा खरा रेटा असेल, तर त्या पंचवीस टेबलांपुरती भाड्याची सेवा. कुठलीही वाट घ्या, पहिला महिना फक्त परीक्षा विभागातल्या पाच टेबलांवर चालवा आणि जुने फोन शेजारी तसेच ठेवा.

तीन जागा यातून वगळा : मुख्य प्रवेशद्वार, आरोग्य केंद्र आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरांची खोली. जुन्या लँडलाइन फोनला वीज तारेतूनच, टेलिफोन कंपनीच्या एक्सचेंजच्या बॅटरीवरून मिळते. सॉफ्टफोनला मात्र स्विच, राउटर आणि संगणक या तिघांनाही वीज लागते. वळवाच्या पावसात रात्री दोनला वीज गेली आणि यूपीएस संपला, तर त्या तीन जागांवरून ११२ लागलाच पाहिजे.